फुटलेला सरकारी कागद छापणाऱ्याला आत टाकावं का?

मुठाकाठ

राम राम मंडळी. रविवारी आमच्याकडे पोहे गार होईस्तोवर वाद झाला आणि अजून मिटलेला नाही म्हणून इथे टाकतोय. सासरेबुवा ३४ वर्षं खडकीकडच्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात होते. माणूस इतका पक्का की तिथे नक्की काय बनायचं असं कोणी विचारलं तर आजही उत्तर एकच, "काम". लग्नाला ११ वर्षं झाली, मला अजून पत्ता नाही. तर परवा मोबाईलवर सरकारी गुपितं छापणाऱ्या विकिलीक्सवाल्या त्या असांजचा कुठलातरी व्हिडिओ लागला आणि मी सहज बोलून गेलो की बिचाऱ्याची उगाच एवढी वर्षं वाया घालवली. झालं! "चोरीचा माल घेणारा सोनार पण चोरच असतो जावईबापू, लक्ष्मी रोडवर कुठल्याही पेढीवर विचारून या."

माझं म्हणणं असं की कागद फोडणाऱ्याचं मी समजू शकतो, त्याने नोकरीला लागताना सही केलेली असते, पगार घेतलेला असतो, पकडलो तर काय होणार हे त्यालाही ठाऊक असतं. पण ज्या पेपरवाल्याने सरकारला कसलाच शब्द दिलेला नाही, ज्याच्या टेबलावर पाकीट येऊन पडलं आणि त्याने ते वाचून, तपासून छापलं, त्याने गुन्हा नेमका कोणता केला? तो छापायलाच बसलाय ना? सासऱ्यांचं मत, सरळ आत टाका. तुमचं काय?

(राजकारण आणू नये ही नम्र विनंती. कोणी ऐकणार नाही हे माहीत आहे.)

बाकरवडी_एक_ते_चार_बंद

पहिला! "कागद फुटला" वाचून धावत आलो, म्हटलं परत कुठल्या भरतीचा पेपर फुटला. आमच्या सदाशिव पेठेत फुटतो तो पेपरच, बाकी काही फुटत नाही. चालू द्या, शेंगा सोलत बसलोय.

कोर्टाची_पायरी

मुठाकाठ, वाईट वाटून घेऊ नका पण कायद्याच्या पुस्तकात तुमचे सासरे बरोबर आहेत. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, ज्याला सगळे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट म्हणतात, त्यात कलम ३ हेरगिरीचं, तिथे १४ वर्षांपर्यंत जाते शिक्षा. आणि कलम ५ मध्ये माहिती देणाऱ्यासोबत ती जाणूनबुजून घेणाराही येतो, ३ वर्षांपर्यंत. पत्रकाराला वेगळी सूट नाही. "लोकांच्या भल्यासाठी छापलं" हा बचावसुद्धा त्यात लिहिलेला नाही. गंमत म्हणजे गुपित म्हणजे काय याची व्याख्याही नाही!

पण पुस्तकात लिहिलेलं आणि कोर्टात टिकणारं यात फरक असतो. १९९९ मध्ये निर्गुंतवणुकीची एक कॅबिनेट नोट छापली म्हणून शांतनु सैकिया या पत्रकारावर या कायद्याखाली केस झाली. २००९ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्याला सोडलं, नुसता सीक्रेटचा शिक्का आहे म्हणून कागद गुपित होत नाही असं म्हणून. चांगला निकाल आहे. फक्त मधली दहा वर्षं कोण परत देणार? आपल्याकडे शिक्षा निकालात नसते हो, तारखांमध्ये असते, हे मी रोज बघतो.

शेंगदाणा_चटणी

चोर सोडून संन्याशाला फाशी. विषय संपला.

दिघीकर

शेंगदाणासाहेब, विषय इतक्यात संपत नाही. मी संरक्षण संशोधनात आयुष्य काढलं, त्यामुळे मी मुठाकाठ यांच्या सासऱ्यांच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

पत्रकाराला वाटतं आपण समजूतदार आहोत, घातक ते वगळू आणि बाकीचं छापू. पण घातक काय हे त्याला कळतं का? एका सुट्या भागाची ऑर्डर किती नगांची निघाली, एवढा निरुपद्रवी कागद घ्या. तुम्हाला त्यात भ्रष्टाचार दिसेल, दराची तुलना दिसेल. समोरचा बसलेला माणूस त्यावरून आपल्याकडे अशी किती यंत्रं चालू स्थितीत आहेत आणि किती उभी आहेत याचा हिशोब मांडेल. त्याच्याकडे आधीचे चार तुकडे असतात, पाचवा तुम्ही देता, तोही चहाच्या टेबलावर ताजा.

२६/११ विसरलात का? नरिमन हाऊसवर कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरतायत हे अख्ख्या जगाने लाईव्ह पाहिलं, आणि त्या अख्ख्या जगात पाकिस्तानात फोन धरून बसलेले सूत्रधारही होते. कसाबच्या अपिलात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांना त्यावरून चांगलंच सुनावलं. कोणावर खटला झाला? कोणावर नाही. आणि तेव्हाही सगळे हेच म्हणत होते की आम्ही आमचं काम करतोय.

आणि घरातलेच फितूर होतात हे काही नवीन नाही, मे २०२३ मध्ये आमच्याच दिघीतल्या संस्थेच्या संचालकाला एटीएसने पकडलं तेव्हा आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर दोन दिवस कोणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नव्हतं. त्यावर जास्त बोलणार नाही.

मुठाकाठ

दिघीकर काका, २६/११ चा मुद्दा मान्य. पण तिथे फुटलेला कागद कुठे होता? रस्त्यावर जे दिसत होतं ते दाखवलं. मूर्खपणा होता, गुपितफोड नव्हती. आणि दिघीचं प्रकरण तर आरोपाप्रमाणे परस्पर शत्रूला माहिती देण्याचं, लोकांसमोर छापण्याचं नाही. हेर कागद एकालाच देतो आणि तो कोणाला कळू नये म्हणून धडपडतो. छापणारा सगळ्यांना देतो आणि वर आपलं नाव घालतो. दोघं एकाच कायद्यात एकाच पिंजऱ्यात, हेच तर मला खटकतंय.

आवक_जावक

मी सरकारी कचेरीत २९ वर्षं होतो, त्यातली सहा आवक-जावकला. गोपनीय हा शिक्का कसा पडतो ते सांगतो, कारण इथे सगळे असं बोलतायत जणू कोणीतरी बसून विचारबिचार करतं.

आमच्याकडे लाकडी मुठीचा शिक्का होता, "गोपनीय", त्यातल्या "प"ची दांडी तुटलेली. एकदा साहेबांच्या केबिनच्या फर्निचरची नस्ती चालू होती. दरपत्रकं तीन, तिन्हीवरचं अक्षर एकाच माणसाचं, अगदी सातचा आकडासुद्धा तसाच मधोमध रेघ मारलेला. लेखावाल्या बाईंनी टिपणीत शंका काढली. दुसऱ्या दिवशी नस्ती खाली आली ती कव्हरवर शिक्का मारून. सोफ्याची नस्ती, गोपनीय! शिक्का पडला की बारनिशीत, म्हणजे नोंदवहीत, विषय लिहायचा नाही, नुसता नंबर, आणि नस्ती शिपायाच्या हाती फिरत नाही, साहेबांच्या कपाटात जाते. म्हणजे त्या बाईंना आपलीच शंका परत वाचायला मिळाली नाही.

म्हणून मी म्हणतो, शिक्का मारणारा आणि अब्रू जाणारा हा बऱ्याचदा एकच माणूस असतो. त्याच शिक्क्यावर उद्या छापणाऱ्याला तुरुंगात पाठवायचं म्हणजे कमाल झाली.

माहिती अधिकार आल्यावर थोडा फरक पडला हे खरं. पण "गोपनीय असल्याने देता येत नाही" असं एका ओळीचं उत्तर मीच शेकड्याने टाईप केलंय, तेही कबूल करतो.

बाकरवडी_एक_ते_चार_बंद

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि सोफा किती लाखाचा?

आवक_जावक

@बाकरवडी, ते गोपनीय आहे.

इतिहासाचं_खूळ

थोडं अवांतर पण पुणेकरांना माहीत असावं म्हणून. हा कायदा १९२३ मध्ये आकाशातून पडला नाही. पहिला १८८९ चा. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अमृत बाझार पत्रिकेने काश्मीरबद्दलचं एक गुप्त सरकारी टिपण छापून व्हाइसरॉयची पंचाईत केली होती. मग कर्झनच्या काळात १९०४ ला तो आवळला. आधी भर लष्करी आणि आरमारी गोष्टींवर होता, कर्झनला मुलकी कारभारही त्यातच ओढायचा होता. आणि त्याला कौन्सिलात विरोध करायला उभे राहिले ते आपले नामदार गोखले. त्यांचा आक्षेपाचा एक मुद्दा नेमका हाच होता, की मुलकी बाबींना लष्कराच्या बाबींच्या पंगतीला बसवू नका, नाहीतर वर्तमानपत्राला सरकारवर टीका करणंच मुश्कील होईल.

आवक_जावक यांचा सोफा त्या मुलकी पंगतीतच बसलाय, १२० वर्षं झाली.

अर्धवट_पुणेकर

वा, गोखले. टिळकांना नाही का याच कायद्याखाली मंडालेला पाठवलं.

इतिहासाचं_खूळ

नाही. टिळकांवर दोन्ही वेळा, १८९७ ला आणि १९०८ ला, राजद्रोहाचा खटला होता, केसरीतल्या लिखाणावरून. गुपितं फोडल्याचा नव्हे. कृपया गल्लत नको, पुण्यात तरी नको.

अर्धवट_पुणेकर

घ्या, म्हणजे आता टिळकांवर बोलायला पण परवानगी लागणार.

बरं मुद्द्यावर येतो. हे सगळं सोयीचं आहे. विरोधात असलं की फुटलेला कागद म्हणजे लोकशाहीचा आवाज आणि सत्तेत आलं की तोच देशद्रोह. २०२१ ला आपल्याच राज्यात पोलीस बदल्यांचा गोपनीय अहवाल बाहेर आला, एका बाजूने पेनड्राईव्ह नाचवला, दुसऱ्या बाजूने मुंबईत याच कायद्याखाली अज्ञात माणसांवर गुन्हा नोंदवला. आता दोन्ही बाजू खुर्च्या बदलून पुन्हा बोलायला लावा, वाक्यं तीच येतील, माणसं उलटी.

शेंगदाणा_चटणी

अर्धवट यांनी पहिल्यांदा काहीतरी पूर्ण लिहिलं.

संपादक_मंडळ_२

पक्ष आणि नेते यांच्यावर इथून पुढचे प्रतिसाद उडवले जातील. धाग्याचं काश्मीर करू नका.

स्नेहल_बाणेर

मी असांजबद्दल लिहिते कारण धागा तिथून सुरू झाला आणि नंतर सगळे सोफ्यावर जाऊन बसले.

मला तो पूर्ण हिरोही वाटत नाही आणि खलनायकही. २०१० मध्ये विकिलीक्सने बगदादचा व्हिडिओ टाकला, २००७ सालचा, अमेरिकन हेलिकॉप्टरने खाली रस्त्यावरची माणसं टिपली त्यात रॉयटर्सची दोन माणसं होती. रॉयटर्स तो मागत होती आणि मिळत नव्हता. हे बाहेर यायला हवंच होतं, याबद्दल मला शंका नाही. नंतर अडीच लाख राजनैतिक तारा आल्या, आधी मोठ्या वर्तमानपत्रांसोबत, नावं झाकून. आपल्याकडे द हिंदूने २०११ मध्ये भारताबद्दलच्या छापल्या, संसदेत गोंधळ झाला, कोणाला अटक झाली नाही, आभाळ कोसळलं नाही. इथपर्यंत मी मुठाकाठ यांच्या बाजूने.

पण सप्टेंबर २०११ मध्ये त्याने सगळ्या तारा नावं न झाकता टाकल्या. पासवर्ड आधीच दुसरीकडून फुटला होता हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. तरी ज्या पाच प्रकाशनांनी त्याच्यासोबत काम केलं त्यांनीच निषेध केला. कारण त्या तारांमध्ये कुठल्यातरी देशातला शिक्षक, वकील, दुभाषी असा कोणी अमेरिकन वकिलातीशी खासगीत बोललेला होता. त्याच्या गल्लीत ते नाव कळलं तर? जो झाकू शकत होता आणि ज्याने झाकलं नाही, त्याला "मी फक्त छापलं" म्हणता येत नाही असं मला वाटतं.

पण मग शिक्षा कशाची झाली? २०१९ मध्ये १८ कलमं लावली, त्यातली १७ कलमं १९१७ च्या अमेरिकन हेरगिरी कायद्याची. आणि शेवटी जून २०२४ मध्ये सायपान नावाच्या बेटावर कोर्टात एक गुन्हा कबूल केला, ६२ महिने लंडनच्या बेलमार्श तुरुंगात काढलेच होते, ते धरून सुटला. गोपनीय माहिती मिळवून उघड करण्याचा कट, हा तो गुन्हा. ही तर प्रत्येक शोधपत्रकाराच्या कामाची व्याख्या आहे! ओबामाच्या काळातले सरकारी वकील याच जागी अडले होते, असांजला धरलं तर न्यूयॉर्क टाइम्सला का नाही, याचं उत्तर सापडेना म्हणून सोडून दिलं होतं.

दिघीकर

स्नेहलताई, नावांचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

कोर्टाची_पायरी

स्नेहल, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. छापू न देणं वेगळं आणि छापल्यावर खटला भरणं वेगळं, इथे सगळे दोन्ही एकत्र कालवतायत. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचे ते सात हजार पानी पेंटॅगॉन पेपर्स, त्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की सरकार छपाई थांबवू शकत नाही. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. त्याच निकालात न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहून ठेवलंय की छापल्यावर खटला भरता येईल का हा प्रश्न वेगळा. कागद फोडणाऱ्या एल्सबर्गवर ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होईल एवढे आरोप होते, १९७३ ला केस बारगळली, तीही सरकारनेच माणसं पाठवून त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात चोरी करवली होती म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते इथे कळतं.

आपल्याकडे राफेल विमानांच्या खरेदीचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये द हिंदूमध्ये एन. राम यांनी संरक्षण मंत्रालयाचे कागद छापले. ६ मार्चला ॲटर्नी जनरल कोर्टात म्हणाले कागद चोरीला गेले, गुपिते कायदा लागतो. दोन दिवसांनी म्हणाले चोरीला म्हणजे मूळ नाही हो, झेरॉक्स. १० एप्रिलला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी, हे कागद कोर्टाने बघूच नयेत हा सरकारचा आक्षेप फेटाळला, आणि त्यात स्वच्छ म्हटलं की सीक्रेट शिक्क्याचा कागद छापण्यापासून रोखायचा अधिकार सरकारला देणारी तरतूद गुपिते कायद्यात नाही आणि दुसऱ्या कुठल्या कायद्यातली कोणी दाखवलेली नाही. रच्याकने, त्या तिघांतले न्यायमूर्ती के. एम. जोसेफ हे न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांचे चिरंजीव, आणि १९७५ च्या राज नारायण खटल्यात सरकारी कारभार जाणून घेण्याच्या लोकांच्या हक्कावर मॅथ्यूसाहेबांनीच लिहिलं होतं. बापाने रोप लावलं, पोराने पाणी घातलं.

अर्धवट_पुणेकर

आणि शेवट सांगा की वकीलसाहेब. नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचार याचिका फेटाळल्याच ना?

कोर्टाची_पायरी

फेटाळल्या. कागद वाचायला घेतले आणि मग फेटाळल्या. कागद वाचूच नका आणि वाचून पटलं नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निळी_पेन्सिल

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण हा धागा बघून लॉगिन केलं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, नाव विचारू नका.

मुठाकाठ यांच्या पोस्टमध्ये पाकीट टेबलावर येऊन पडतं असं लिहिलंय, ते किती सोपं वाटतं! आमच्याकडे एकदा खरंच आलं. खाकी पाकीट, आत अकरा झेरॉक्स पानं, एका पाणी योजनेच्या चौकशीचा दाबून ठेवलेला अहवाल. लष्कराचं काही नाही, देशाच्या सीमा कुठे नाहीत, नुसते पाईप. तरी संपादकांनी पहिली गोष्ट काय केली तर केबिनचं दार लावलं आणि प्रत्येक पान खिडकीपाशी धरून उजेडात बघितलं. सहाव्या पानाच्या कोपऱ्यात बॉलपेनने एक आकडा होता, कितव्या क्रमांकाची प्रत ते. म्हणजे ही पानं छापली किंवा नुसती कोणाला दाखवली तरी ती कोणाच्या टेबलावरून निघाली ते कळलं असतं. मग मी रात्री बसून अकराच्या अकरा पानं पुन्हा टाईप केली, मूळ पानं दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर फाडली. बातमीत तारखा मागेपुढे केल्या नाहीत, पण एक परिच्छेद गाळला, कारण तेवढं फक्त दोघांनाच माहीत असणार होतं.

बातमी आली, दोन दिवस बोंबाबोंब झाली, आमच्यावर काही झालं नाही. तिकडे कचेरीत मात्र महिनाभर कोणाकडून फुटलं याचीच चौकशी. पाईपची चौकशी परत झालीच नाही.

अमेरिकेत २०१७ मध्ये रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या मुलीने एक गुप्त अहवाल द इंटरसेप्ट या वेबसाईटला पाठवला. त्यांनी तो स्कॅन जसाच्या तसा टाकला, रंगीत प्रिंटरचे डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके त्यावर होते, त्यात प्रिंट कधी काढली तेसुद्धा. ती त्याआधीच सापडली होती, पडताळणीसाठी सरकारला तीच प्रत दाखवली म्हणून. तिला पाच वर्षं तीन महिने. छापणाऱ्यांवर खटला नाही. तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते संपादकांचं ते खिडकीपाशी उभं राहणं.

म्हणून मला खटल्यापेक्षा हे जास्त टोचतं. छापणारा सुटतो आणि देणारा अडकतो, आणि आपण वाद घालतो तो छापणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा.

शेंगदाणा_चटणी

दंडवत ताई. वाचनखूण साठवली.

मुठाकाठ

निळी_पेन्सिल, मी धाग्यात "त्याचं मी समजू शकतो" म्हणून कागद देणाऱ्याला एका ओळीत उडवलं होतं. ते चुकलंच.

आवक_जावक

ताई, तो प्रतीचा आकडा बॉलपेनने टाकणारा मी असू शकलो असतो.

आणि देणाऱ्याचं काय होतं ते तळेगावकरांना विचारा. सतीश शेट्टी. ते तर कागद चोरतही नव्हते, माहिती अधिकारात अर्ज करून रीतसर मागायचे. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना भर रस्त्यात मारलं. आणि त्याआधी २००३ मध्ये सत्येंद्र दुबे, महामार्गाच्या कामातला घोटाळा पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून लिहिलं, तेच नाव खाली झिरपलं. म्हणजे सरकारने जपायचं असलेलं खरं गुपित ते होतं, आणि ते सरकारनेच फोडलं. त्यावर कुठलं कलम?

कोर्टाची_पायरी

जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरकारभार कळवणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ ला झाला, राष्ट्रपतींची सही पण झाली. लागू करायची अधिसूचना काढायची राहिली ती राहिलीच.

दिघीकर

रात्री परत सगळं वाचलं. मी थोडा मागे येतो, पूर्ण नाही. सोफा, पाईप, बदल्या, या गोष्टींना गुपिते कायदा लावणं हे त्या कायद्याचंच हसं करणं आहे हे मान्य. आम्ही नोकरीत असताना खरे सांभाळायचे कागद मूठभर होते. बाकी कपाटं भरून जे होतं त्यावरही तोच शिक्का असल्याने नवीन पोरं शिक्क्यालाच किंमत देईनाशी झाली होती, हे मी स्वतः बघितलंय.

पण मूठभर जे आहे त्यासाठी काहीतरी धाक हवा. २०१६ मध्ये स्कॉर्पिन पाणबुड्यांची २२,४०० पानं द ऑस्ट्रेलियन या वर्तमानपत्राच्या हाती लागली. पाणबुड्या इथे माझगाव डॉकमध्ये बनत होत्या. त्यांनी नाजूक आकडे काळे करून छापलं म्हणून ठीक. समजा केले नसते? त्या पाणबुडीत आपली पोरं बसणार होती. तेव्हा "छापणारा छापायलाच बसलाय" हे त्यांच्या आईला सांगाल का मुठाकाठ?

मुठाकाठ

नाही सांगणार काका.

इतिहासाचं_खूळ

दिघीकर, मग उलट उदाहरण. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल. १९६३ मध्ये तयार झाला. २०१० मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर अजूनही लष्करी दृष्टीने नाजूक आहे. २०१४ ला नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग स्वतःच्या वेबसाईटवर टाकला. काय झालं? साईट भारतात उघडेनाशी झाली, अहवाल लोकांनी कधीच उतरवून घेतला होता. चीन चालून आला का? फक्त आपल्याला कळलं की आपण कुठे चुकलो होतो, तेही ५१ वर्षांनी आणि परक्याकडून. ज्या शिपायांना उन्हाळी कपड्यांत बर्फात पाठवलं त्यांच्याही आया होत्याच.

बाकरवडी_एक_ते_चार_बंद

लंडनला २०१३ मध्ये, अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदांसाठी गार्डियन वर्तमानपत्राच्या तळघरात सरकारी माणसांसमोर ग्राइंडर लावून हार्डडिस्क फोडायला लावल्या होत्या. प्रती दुसऱ्या देशात होत्या हे सगळ्यांना माहीत असताना! कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. हल्ली तर झाकायची पण तसदी घेत नाहीत, मार्च २०२५ ला अमेरिकेच्या मंत्र्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल ग्रुपवर केली आणि ग्रुपमध्ये चुकून द अटलांटिकचा संपादकच ॲड केला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण असंच झालेलं, भाडेकरूंना काढायची चर्चा भाडेकरूंसमोर.

स्नेहल_बाणेर

@बाकरवडी, आणि त्या संपादकाने काय केलं ते बघा. हल्ला होऊन गेल्यावर लिहिलं, आधी मजकूर झाकून, आणि यात गुप्त काहीच नव्हतं असं सरकारच म्हणाल्यावर सगळं टाकलं. मला हाच निकष बरा वाटतो. काय छापलं यापेक्षा कसं छापलं. माणसांची नावं झाकली का, वेळ पाहिली का, समोरच्याला विचारलं का. हे सगळं करूनही छापलं असेल तर खटला नको. आणि मुद्दाम, माहीत असताना, कोणाचा जीव जाईल असं छापलं असेल तर हो, कोर्टात उभं करा. पण नुकसान झालं किंवा होणार होतं हे सरकारने सिद्ध करायचं, शिक्का दाखवून भागवायचं नाही.

निळी_पेन्सिल

सिद्ध करेपर्यंत जामीन मिळेल का हा प्रश्न आहे स्नेहल. इफ्तिखार गिलानींना जून २००२ मध्ये उचललं, कॉम्प्युटरमध्ये काश्मीरमधल्या सैन्याच्या आकड्यांचा कागद सापडला म्हणून. तो कागद मुळात पाकिस्तानातल्या एका उघड प्रकाशनातला, कोणीही वाचावा असा. तिहारमध्ये सात महिने गेल्यावर जानेवारी २००३ मध्ये सरकारने केस मागे घेतली. तुमचा निकष मला आवडला, फक्त तो लावणारा माणूस पोलीस ठाण्यात बसलेला असतो.

आणि उलटंही आहे, प्रामाणिकपणे सांगते. २०१७ मध्ये देवळालीला साहेबांच्या घरी जवानांना कामाला लावण्यावर छुप्या कॅमेऱ्याने बातमी झाली, चेहरे धूसर केले होते. त्यात बोललेला एक जवान पुढे मृतावस्थेत सापडला. पत्रकार बाईंवर गुपिते कायदा लावला, २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द केला, आणि मला तो निकाल बरोबरच वाटतो. पण मी त्या जागी असते तर मला झोप लागली असती का, माहीत नाही.

शेंगदाणा_चटणी

मी वर "विषय संपला" लिहिलं होतं ते मागे घेतो.

मुठाकाठ

काल संध्याकाळी सासऱ्यांना अख्खा धागा वाचून दाखवला. चष्मा काढून ऐकत होते. दिघीकरांचं वाचलं तेव्हा मान हलवली, सोफ्याला हसले. निळी_पेन्सिल यांचं वाचताना मधेच थांबवून विचारलं, "ती पानं जाळली का फाडली?" म्हटलं फाडली. "जाळायला हवी होती."

सोनाराचं मी परत काढलं. म्हटलं बाबा, सोनाराकडे आलेला दागिना दुसऱ्या कोणाचा तरी असतो, सरकारी कागद कोणाचा? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कागद लोकांचा. पण सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं, घरात पण." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर उठून आतल्या खोलीत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद आणला. १९८० सालच्या आसपासचा असावा, घड्यांवर पिवळा पडलेला, वर "रिस्ट्रिक्टेड" असा शिक्का. म्हणाले निवृत्त होताना सामानात चुकून आला. लांबूनच धरला होता, मला दिसली ती फक्त शेवटची ओळ, दुसऱ्या पाळीची बस सुटायची वेळ. म्हटलं बघू द्या की, बसचं वेळापत्रक आहे, आता तो कारखान्याचा स्टॉपसुद्धा नसेल. घडी घातली, खिशात ठेवला. "नाही."

कोर्टाची_पायरी

मुठाकाठ, घाई करून हे इथे लिहायला नको होतं. परत न करता कागद जवळ ठेवणं, तेही कलम ५ मध्येच येतं.

मुठाकाठ

अरे देवा. संपादक मंडळ, माझा वरचा प्रतिसाद उडवता येईल का?

बाकरवडी_एक_ते_चार_बंद

स्क्रीनशॉट काढलाय.